शिवाजी विद्यापीठात शिकायला येताय? नेहमी विचारले जाणारे आणि विचारायची लाज वाटणारे प्रश्न

तुम्ही कोण, आणि हे सगळं कशाला लिहिलंय?

मी जत तालुक्याच्या पूर्व भागातली. घरात कानडी, शाळेत मराठी. तालुक्यातल्याच कॉलेजात बी.ए. केलं, मग एम.ए.साठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आले. आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. निकाल लागले की माझ्या विद्यार्थिनींचे, त्यांच्या मावसबहिणींचे, शेजारच्या गावातल्या कुणाकुणाचे फोन सुरू होतात. "ताई, एक विचारू का?" प्रश्न दरवर्षी तेच.

यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या खिडकीवर विचारता येतो. पण आपल्याकडची पोरं खिडकीपर्यंत जातात, पुढच्याचं काय चाललंय ते कान देऊन ऐकतात आणि आपलंही तसंच असेल असं समजून मागं फिरतात. मी स्वतः तेच केलंय आणि त्याची किंमत मोजलीय. ती गोष्ट पुढं येईलच.

"विद्यापीठात शिकते" आणि "विद्यापीठाच्या कॉलेजात शिकते" यात फरक काय?

पदवीवर नाव एकाच विद्यापीठाचं येतं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत. पूर्वी सोलापूरही होतं, २००४ मध्ये त्यांचं वेगळं विद्यापीठ झालं. म्हणजे जतच्या कॉलेजात बी.ए. करतानाही मी शिवाजी विद्यापीठाचीच विद्यार्थिनी होते, फक्त ते मला हॉल तिकिटावर वाचून कळलं होतं.

लोक "विद्यापीठात" म्हणतात तेव्हा त्यांना कोल्हापूरचा परिसर म्हणायचं असतं. तिथं प्रामुख्यानं पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालतं. आणि हो, तिथल्या विभागाला 'अधिविभाग' म्हणतात. मराठी अधिविभाग, रसायनशास्त्र अधिविभाग. पहिल्या दिवशी मी हा शब्द वाचला आणि हा मोठ्या साहेबांचा विभाग असावा, आपला दुसरीकडं असेल, असं वाटून अर्धा तास बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले.

विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं. उद्घाटनाला तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन आले होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, इतिहासाचा माणूस. ब्रीद 'ज्ञानमेवामृतम्'.

प्रवेशाला कोणती कागदपत्रं लागतात?

अधिकृत यादी दरवर्षी निघते, ती बघा. मी फक्त पोरं जिथं अडकतात तेवढं सांगते.

दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्राचं बघा. सोलापूरकडच्या मुलांना हे पटत नाही. "अहो, आमचे काका शिवाजीचेच आहेत की." काका असतील, तुम्ही नाही. मध्ये एक-दोन वर्षं शिक्षण सुटलं असेल तर खंड प्रमाणपत्र लागतं. जात पडताळणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन बघा, कारण महाडीबीटीवरची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची, शिष्यवृत्ती त्याच वाटेनं येते.

आणि उत्पन्नाचा दाखला. खिडकीशेजारी कागद चिकटवला होता: 'चालू वर्षाचा दाखला जोडावा.' माझ्याकडं फेब्रुवारीत काढलेला होता. चालू वर्ष म्हणजे कॅलेंडरचं, शाळा-कॉलेजचं की आर्थिक? एवढा एक प्रश्न तोंडातून निघाला नाही. मागं रांग होती, पुढं चष्मा लावलेल्या बाई होत्या, माझं मराठी कानडी वळणाचं. फेब्रुवारीतला दाखला ३१ मार्चलाच संपला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तेव्हा मी दिवाळीला गावी होते आणि त्रुटी दुरुस्त करायची मुदत कधीच उलटली होती. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, एक शेळी विकली. कुठली, ते मला अजून आठवतं.

मुलींना आता सगळं शिक्षण मोफत झालंय ना?

सगळं नाही. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. एम.ए. त्यात बसतं का, होस्टेल-मेसचं काय, हे आपापल्या अभ्यासक्रमापुरतं विचारा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर विसंबून घरी "एक रुपया लागणार नाही" असं सांगू नका.

वसतिगृहात नंबर लागला नाही तर?

बऱ्याच जणांचा लागत नाही. पण कोल्हापूर वेगळं आहे. या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात, आणि ते नुसतं कौतुक नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ मध्ये तेव्हा अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्यांना ठाऊक होतं की खेड्यातलं पोरगं फी नाही म्हणून शिकायचं थांबत नाही, शहरात रात्री पाठ कुठं टेकायची हे ठरत नाही म्हणून थांबतं. सव्वाशे वर्षं झाली, मला येणारे निम्मे फोन अजून याचसाठी असतात.

कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात असताना जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं, असं सांगतात. पुढं त्याच माणसानं १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली.

तर शहरातल्या बोर्डिंगांत जाऊन चौकशी करा. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, तो वेळेत भरा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना तिथं प्रवेश मिळाला नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. मराठा आणि इतर काही घटकांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. हेही नाहीच जमलं तर राजारामपुरी, सायबर चौक, उजळाईवाडी या बाजूला कॉट बेसिसवर खोल्या मिळतात. डिपॉझिट परत कधी, लाइट बिल कसं वाटायचं, गेट किती वाजता बंद आणि पाणी किती वेळ, हे चार प्रश्न पैसे हातात असतानाच विचारा. पैसे दिल्यावर उत्तरं बदलतात.

'कमवा आणि शिका' मध्ये गेलं तर लोक हसतात का?

हा प्रश्न फोनवर हळू आवाजात येतो.

माझी पहिल्या वर्षाची रूममेट पाटण तालुक्यातली होती. वडील नव्हते. विद्यापीठातच काम करून शिकायच्या या योजनेत तिनं नाव घातलं आणि तिला ग्रंथालयात काम मिळालं, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं. पहिले पंधरा दिवस ती ओळखीचं कुणी दिसलं की दोन रॅकच्या मध्ये शिरायची. मग तिला पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्यांचा नाद लागला. रात्री खोलीत मला विचारायची, "सांग बघू, ८९१ म्हणजे काय?" बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं ते ग्रंथालय केवढं आहे ते तुम्ही बघालच. वर्षभरात त्यातलं कुठलं पुस्तक कुठल्या मजल्यावर आहे हे तिला आमच्या सरांपेक्षा जास्त माहीत झालं. सर तिलाच विचारायला लागले. एम.ए. झाल्यावर तिनं ग्रंथालयशास्त्र केलं. आज एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, कायम. आमच्या खोलीतली एकटीच कायम.

हसणारे असतात की. आमच्याही वर्गात दोघे होते. परीक्षेच्या आधी संदर्भग्रंथ मिळेना तेव्हा तेही तिच्याकडंच आले.

'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतच्या शाळांच्या भिंतींवर वाचतच आपण मोठे झालो. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, सांगलीच्या शांतिनिकेतनात असंच काम करून शिकले आणि पुढं राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. पण आबांचं उदाहरण मी फोनवर देत नाही. त्यानं पोरं आणखी दबतात. रूममेटचं देते.

कामाचे तास, मानधन आणि जागा किती हे दरवर्षी विद्यार्थी विकास विभागात विचारा. दार उघडंच असतं.

जेवणाचं काय?

मेस लावा, पण आधी दोन वेळा पैसे देऊन जेवून बघा. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद. त्या रात्री निम्मं होस्टेल मॅगीवर, निम्मं मिसळीवर. आमची एक मेसवाली मावशी आमटीत पाणी वाढवायची आणि आम्ही कुरकुरलो की म्हणायची, "पोरींनो, घरी काय तूप पितायसा?" पण कुणाला ताप आला तर मऊ भात न सांगता खोलीवर यायचा.

एसटीनं येणारा डबा अजून बंद झालेला नाही, हे ऐकून शहरी लोकांना आश्चर्य वाटतं. जवळच्या तालुक्यांतल्या आया पहाटे भाकऱ्या थापून डबा गाडीत देतात, पोरगं स्टँडवर जाऊन घेतं. माझं गाव लांब, डबा पोचेपर्यंत आंबला असता. मला महिन्याला शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचं गाठोडं यायचं. कडक भाकरी महिनाभर टिकते, हे कोल्हापूरच्या मैत्रिणींना पटेना. चौथ्या दिवशी गाठोडं रिकामं व्हायचं ते त्यांच्यामुळंच.

कधीतरी संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. समोर म्हैस पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. खर्च कमी, आणि घरची आठवण येऊन गळा भरून आला तरी तोंडाला पेला असल्यानं कुणाला कळत नाही.

माझी भाषा गावठी आहे. इंग्रजी तर येतच नाही. वर्गात काय होईल?

कोल्हापुरात कुणाची भाषा गावठी नाही म्हणता? इथल्या मुली "मी आलो", "मी जातो" म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं चेष्टा चाललीय. दोन महिन्यांत मीपण "आलतो की" म्हणायला लागले आणि सुट्टीत घरी गेल्यावर आईनं कानडीत विचारलं, तुला काय झालंय?

बोला तशाच. उत्तरपत्रिकेत प्रमाण भाषा लिहा, तोंडी परीक्षेत जमेल तशी सांभाळा, खोलीत आपली चालू ठेवा. कानडी येत असेल तर तो तर फायदाच आहे. आमच्या अधिविभागात सीमाभागातल्या बोलीवर काम करणाऱ्या एका संशोधक दादांनी मला शब्द विचारायला सुरुवात केली, तोपर्यंत मी ही भाषा लपवायची चीज समजत होते.

इंग्रजीचं मात्र खरं सांगते. अडचण येते, विज्ञान शाखेत तर पहिल्या दिवसापासून. रोज एक पान, शब्दकोश घेऊन, मोठ्यानं. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

घरी किती वेळा जावं?

पहिले दोन महिने कमी जा. दर शनिवारी गाडी पकडणाऱ्यांना कोल्हापूर कधीच आपलं वाटत नाही. प्रवास तसा परवडतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. रोज जवळच्या गावातून येऊन-जाऊन करणाऱ्यांना विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते.

पावसाळ्यात मात्र निघण्याआधी पंचगंगा किती फुटांवर आहे ते विचारायचं. इथं सगळं गाव फुटांत बोलतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले ही बातमी आली की अनुभवी पोरं आधी एटीएममध्ये जातात, मग किराण्याला. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस गाड्या बंद होत्या. आमच्या तालुक्यात तेव्हा टँकर चालू होते. आईला फोनवर पुराचं सांगत होते आणि ती म्हणत होती, "तिकडचं थोडं इकडं पाठवायला काय होतंय त्यांना?"

केटी लागली, म्हणजे विषय राहिला. घरी सांगू का?

सांगा. आठवड्याच्या आत, आणि स्वतः. गावात निकाल तुमच्या आधी पोचतो.

आणि रडत बसण्याआधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायची मुदत बघा. प्रत हातात आली की विषयाच्या सरांना दाखवा, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. न बघता पैसे भरू नका. सगळ्यांचीच उत्तरपत्रिका चुकीची तपासलेली नसते. माझी नव्हती. दोन प्रश्न मी वाचलेच नव्हते.

युवा महोत्सवात भाग घेतला तर अभ्यास बुडतो का?

बुडतो. घ्या तरीही.

पुण्याला जायला हवं होतं असं वाटतं. चुकलं का?

दर वर्षी एक मुलगा तरी हे विचारतो, बहुतेक दुसऱ्या सत्रात, बहुतेक पुण्यातल्या मित्राचा फोटो बघून.

पुण्यात क्लास जास्त आहेत, कंपन्या जास्त आहेत, हे खोटं कशाला बोलू? संगणक किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्याला त्याचा फरक पडतो. पण स्पर्धा परीक्षेसाठी पेठेत खोली घेऊन चार-चार वर्षं घालवलेले माझ्या ओळखीत आहेत, आणि इथं अभ्यासिकेत बसून फौजदार झालेलेही आहेत. फरक गावाचा किती आणि खर्चाचा किती, हे मी अजून मोजू शकलेले नाही. एवढं दिसतं की ज्याच्या घरून दर महिन्याला पैसे यायची खात्री नसते, त्याला स्वस्त गावात दोन वर्षं जास्त टिकता येतं. परीक्षांच्या या खेळात टिकणं मोठं असतं.

शिवाय ८५३ एकरांत मोर बघत वाचायला पुण्यात कोण देणार? खरंच आहेत मोर. पहाटे ओरडून उठवतात. परिसरात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालयही आहे, मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारा माणूस. कोल्हापूरकर विद्यार्थी तिथं पाहुणे आल्याशिवाय जात नाहीत.

एम.ए. करून नोकरी लागते का?

मी तासिका तत्त्वावर आहे, त्यामुळं माझ्या उत्तरावर जरा संशय ठेवूनच वाचा.

तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितके पैसे. दिवाळी, उन्हाळा, परीक्षेचे दिवस, सगळं कोरडं. बिल कधी निघेल सांगता येत नाही. मे महिन्यात मी आप्पांबरोबर डाळिंबाच्या बागेत असते आणि विद्यार्थ्यांचा फोन आला तर म्हणते, "थोडी कामात आहे रे."

प्राध्यापक व्हायचं असेल तर सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा हवीच, आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच तयारी धरा. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, ५० आणि १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, वयाची अट नाही. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते. जेआरएफला ३० वर्षांची मर्यादा आहे, मुलींना ५ वर्षं सवलत. ही सवलत माझ्या एका मैत्रिणीला एकतिसाव्या वर्षी कळली, तोवर तिनं पुस्तकं रद्दीत दिली होती. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्याही फेलोशिप आहेत, आपल्या प्रवर्गाप्रमाणं बघा.

शिक्षक व्हायचंच नसेल तर एम.ए. कशाला करताय, हे स्वतःला एकदा विचारा. "लग्न दोन वर्षं लांबतं" हेही उत्तर चालतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचं तेच होतं, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी बी.एड. सीईटी दिली, ड्रायव्हिंग शिकल्या, एकीनं पोलीस भरतीची ग्राउंड काढली.

दीक्षान्त समारंभाला घरच्यांना आणावं का? आमचे आई-वडील कधी असल्या ठिकाणी गेलेले नाहीत.

आणा.

मी आप्पांना आणलं होतं. येताना एसटीत मी त्यांना सांगत होते, तिथं गेल्यावर कुणाला काही विचारत बसू नका, मी आहे. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथं त्यांना उभं करून मी गाउन आणायला गेले. परत आले तर आप्पा नाहीत. शोधलं तर लांब झाडीकडं एका माळ्याबरोबर उकिडवे बसलेले.

"आठशे त्रेपन्न एकर आहे म्हणे," मला बघून म्हणाले. "एवढ्याला पाणी कुठलं?"

दोन वर्षं मी तिथं राहिले होते. मला माहीत नव्हतं. माळीदादा उठले, "चला पाव्हणं, दावतो" म्हणाले, आणि दोघं तळ्याच्या दिशेनं चालायला लागले. गाउन हातात घेऊन मीही मागून निघाले.